पुन्हा ट्रेनिंग द्या!

कारखान्यात काहीही बिघडलं की शेवटी एक फॉर्म भरावा लागतो. ग्राहकाची तक्रार काय, मूळ कारण काय, उपाय काय केला, सही, तारीख. गेली बावीस वर्षं ट्रेनिंग विभागात बसून मी हे फॉर्म वाचतेय. त्यातल्या दोन ओळी आता मला तोंडपाठ झाल्यात. मूळ कारण : मानवी चूक. उपाय : संबंधित कामगारास समज दिली व पुन्हा प्रशिक्षण दिले. लेबल चुकीचं लागलं, पुन्हा प्रशिक्षण. बोल्ट सैल राहिला, पुन्हा प्रशिक्षण. एकदा तर गोदामाचं छप्पर गळून खोकी भिजली होती, त्यावरही "खोकी कोरड्या जागी ठेवण्याबाबत प्रशिक्षण दिले" असं लिहिलेलं मी वाचलंय. छप्पर त्यानंतरही दोन पावसाळे गळत होतं.

आमच्या नातेवाइकांत माझी ओळख "ती कंपनीत शिकवते" अशी आहे. ती खरीच आहे, आणि शिकवायला मला आवडतंही. त्यामुळे आता जे लिहितेय ते वाचून काहीजण म्हणतील, ही बाई ज्या ताटात जेवते त्यालाच नावं ठेवतेय. ठेवू देत. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या कामाचं ट्रेनिंग द्या म्हणून माणसं माझ्याकडे पाठवली जातात, त्यातल्या बऱ्याचजणांना ते काम आधीच चांगलं येत असतं. अडतं ते दुसरीकडेच. पण ते दुसरीकडचं दुरुस्त करायचं तर कुणाला तरी खर्च पडतो, कुणाचा तरी अहंकार दुखावतो. कामगाराला दोन तास वर्गात बसवणं मात्र स्वस्तात होतं.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघा अमेरिकनांनी १९७० साली कामातल्या अडचणी कशा तपासायच्या यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रश्न मी कायम जवळ बाळगते. या माणसाचा जीव या कामावर अवलंबून असता, तर त्याला ते जमलं असतं का? उत्तर "हो" असेल, तर त्याला शिकवण्यात अर्थ नाही. त्याला येतंय. मग तो ते का करत नाही, किंवा त्याला ते का करता येत नाही, हे शोधायला हवं. प्रश्न तसा साधा आहे. पण मीटिंगमध्ये विचारून बघा, खोली एकदम शांत होते.

आता हे सगळं फार कारखानी वाटत असेल तर आपल्या घरातलं उदाहरण घ्या. बाहेरच्या खोलीत आठ बटणांचा बोर्ड असतो. सगळी बटणं पांढरी, एकसारखी, एका रांगेत. पाहुणा पंखा लावायला उठतो आणि आधी ट्यूब घालवतो, मग गॅलरीतला दिवा लावतो, मग "अरेच्चा" म्हणून आपल्याकडे बघतो. आपण वर्षानुवर्षं "डावीकडून चौथं" असं सांगत राहतो, म्हणजे ट्रेनिंगच देत राहतो. माझ्या आत्याने काय केलं असेल? पंख्याच्या बटणावर लाल टिकली चिकटवली. संपला विषय. आत्या सातवी शिकलेली आहे.

हाच शोध दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलालाही लावावा लागला. बी-१७ नावाची बाँबफेकी विमानं व्यवस्थित उतरायची, आणि धावपट्टीवर धावता धावता वैमानिक चाकंच आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर आदळायचं. नोंद व्हायची : वैमानिकाची चूक. १९४३ च्या सुमारास आल्फॉन्स चपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला यात लक्ष घालायला सांगितलं. त्याने पाहिलं, की उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटायचं बटण आणि चाकं आत घ्यायचं बटण, दोन्ही एकसारखी आणि शेजारी शेजारी! दुसऱ्या जातीच्या विमानांत ही बटणं वेगळी होती, आणि तिथे त्याच हवाई दलाचे, तसंच शिक्षण घेतलेले वैमानिक ही चूक करत नव्हते. म्हणजे कमी पडत होतं ते शिक्षण नव्हेच. चपॅनिसने चाकांच्या बटणाला छोटं रबरी चाक आणि झडपांच्या बटणाला पाचरीसारखा तुकडा बसवायचा उपाय सुचवला. अंधारात, थकलेल्या हाताला न बघता कळेल असा. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते, तसा नियमच आहे. थोडक्यात, आत्याची टिकलीच.

तर आता आमच्या पॅकिंगमधल्या मावशींबद्दल. (कंपनीचं नाव सांगणार नाही, विचारू नका. गाड्यांचे सुटे भाग बनतात, एवढं पुरे.) या मावशी कंत्राटी कामगार. वय पंचेचाळीसच्या पुढे. काम असं, की चिठ्ठीवरचा कोड बघायचा, त्या क्रेटमधले बुश मोजून खोक्यात भरायचे, लेबल लावायचं. तीन महिन्यांत ग्राहकाकडून तीन तक्रारी आल्या, खोक्यात दुसरेच बुश निघाले म्हणून. तीन तक्रारींवर तीन ट्रेनिंगं झाली. प्रत्येक वेळी हजेरीपटावर मावशींची सही. चौथ्या तक्रारीनंतर सुपरवायझरचं पत्र आलं : "वारंवार प्रशिक्षण देऊनही सुधारणा नाही, सबब पुढील कंत्राटात घेऊ नये."

ते "वारंवार प्रशिक्षण देऊनही" वाचून माझं डोकंच फिरलं. वर्गात झालेली ती सही आम्ही शिकवल्याची पावती म्हणून घेतो. इथे ती मावशींच्या विरोधातला पुरावा झाली होती. आम्ही आमचं कर्तव्य केलं, आता दोष तुमचा. ट्रेनिंगचा हा उपयोग कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नसतो, पण मी पाहिलेल्या कितीतरी ठिकाणी तोच मुख्य उपयोग आहे.

मी म्हटलं, चौथं ट्रेनिंग नंतर बघू, आधी मला एक पूर्ण पाळी त्यांच्याजवळ उभं राहू द्या. मावशी म्हणाल्या, "मॅडम, मला येतंय हो काम. इतकी वर्षं करतेय." खरंच येत होतं. हात बघत राहावे असे चालत होते.

दोन प्रकारचे बुश होते. व्यास एकच, लांबीत दोन मिलिमीटरचा फरक. दोन्ही निळ्या क्रेटमध्ये, क्रेट शेजारी शेजारी. कोड अकरा आकडी, फरक फक्त शेवटच्या आकड्यात, एकाचा ३ आणि दुसऱ्याचा ८. चिठ्ठी छापणाऱ्या प्रिंटरची रिबन इतकी फिकी झालेली, की तो आकडा ३ आहे का ८ हे मला चष्मा लावूनही खात्रीने सांगता येईना. लांबी मोजायचं गेज होतं, पण ते क्वालिटीच्या कपाटात, कुलपात. आणायला जायचं तर सही करून आणायचं, आणि मावशींची मोजदाद मात्र तासाला किती खोकी यावर. चार वाजता गाडी निघते, त्याआधीचा अर्धा तास तर कुणाला मान वर करायलाही फुरसत नसते.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, चूक झाली की ती मावशींना कळायचीच नाही. ग्राहकाचं पत्र महिना-दीड महिन्याने यायचं, ऑफिसात जायचं, तिथून सुपरवायझरकडे. मावशींपर्यंत काय पोचायचं? "तुमची परत तक्रार आलीय." कुठलं खोकं, कुठल्या दिवशी, कुठला बुश कुठल्याच्या जागी गेला, हे त्यांना कुणी कधीही सांगितलेलं नव्हतं. डोळ्यांवर पट्टी बांधून बाण मारायला लावायचे, बाण लागला की नाही हे सांगायचं नाही, आणि मग नेमबाजीचा वर्ग घ्यायचा, असला प्रकार.

टूलरूममधल्या एका दादांनी भंगारातल्या पट्ट्यांपासून एक छोटं पन्हाळं करून दिलं. एका टोकाला अटकाव, वरून आडवी पट्टी. आखूड बुश पट्टीखालून सरकतो, लांब बुश अडतो. टेबलालाच स्क्रूने बसवलं, म्हणजे कुणी कपाटात ठेवायला नको. लांब बुशांचे क्रेट लाल केले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेले. रिबन बदलली (या रिबनसाठी मला तीन मेल लिहाव्या लागल्या, हे आपलं जाता जाता). आणि तक्रार आली की तिचा फोटो त्याच दिवशी पॅकिंगच्या फळ्यावर लावायचा असं ठरलं. ओरडण्यासाठी नाही, बघण्यासाठी.

पुढचे चार महिने एकही तक्रार नाही. पाचव्या महिन्यात एक आली, ती लेबल सुटून पडल्याची. मावशींचं कंत्राट वाढलं. आणि वरून निरोप आला, की हा उपक्रम छान आहे, याची पीपीटी करून बाकीच्या विभागांना त्याचं ट्रेनिंग द्या :)

असो.

हे सगळं कुणी सुसूत्रपणे मांडलं असेल, तर ते थॉमस गिल्बर्ट यांनी. त्यांचं 'ह्यूमन कॉम्पिटन्स' हे पुस्तक १९७८ सालचं. त्यांनी माणसाच्या कामगिरीचे सहा कप्पे केले. तीन बाहेरचे : काय करायचं आणि कसं झालं याची माहिती, हाताशी असलेली साधनं, आणि चांगल्या कामाचा मोबदला. तीन माणसाच्या आतले : ज्ञान, क्षमता, इच्छा. गंमत म्हणजे आपण काही बिघडलं की आधी आतल्या कप्प्यांत हात घालतो. याला येत नाही, याची कुवत नाही, याला काम करायचंच नाही. गिल्बर्ट सांगतात, आधी बाहेरचे तीन तपासा, तिथे कमी खर्चात जास्त फरक पडतो. मावशींच्या टेबलावर बघा, बाहेरचे तिन्ही कप्पे रिकामे होते. माहिती नाही, गेज नाही, आणि मोबदला अचूकतेला नसून खोक्यांच्या संख्येला.

माझे मामा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. लहानपणी त्यांच्या केबिनमध्ये लोखंडी पेटीतून निघणारा पोलादी गोळा मला देवासारखा वाटायचा. एकेरी मार्गावर पुढचं स्टेशन तयार असल्याखेरीज तो गोळा पेटीतून निघतच नसे. गोळा मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. आणि एक गोळा बाहेर असताना दोन्हीकडच्या पेट्या बंद, म्हणजे समोरून दुसरी गाडी सोडायची सोयच नाही. आता बऱ्याच मार्गांवर ही पद्धत गेली, दुसरी आली. पण ज्यांनी ती योजली त्यांनी "स्टेशनमास्तरांनी अधिक सावध राहावे" असं परिपत्रक काढून भागवलं नाही, हे मला मोठं वाटतं. मामा नियम घोकून होतेच. पण रात्री तीन वाजता, जुलैच्या पावसात, घोकलेलं किती उपयोगी पडतं हे त्या पेटीच्या कर्त्याला माहीत असावं.

इथे कुणीतरी म्हणेल, की हे अशिक्षित कामगारांचं झालं, शिकलेल्या माणसांचं वेगळं. मग डॉक्टरांचं घ्या. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालतात. त्या नळीवाटे जंतू रक्तात गेले तर रुग्ण दगावू शकतो. ते टाळायला काय करायचं हे डॉक्टरांना माहीत होतं. हात धुवा, कातडी योग्य औषधाने पुसा, रुग्णाला पूर्ण झाका, शक्यतो जांघेतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. यात कुणाला नवीन काय शिकवणार? तरी एखादी पायरी गळायचीच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये याची यादी केली, आणि यादीचं खूप कौतुक झालं. माझ्या मते खरी करामत दुसऱ्या दोन गोष्टींत होती. लागणारं सामान वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावं लागायचं, ते सगळं एका ढकलगाडीत ठेवलं. आणि पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरांना थांबवायचं, असा अधिकार तिला दिला. वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहिले. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत हे केलं. दर हजार नळी-दिवसांमागे संसर्गाचा मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. २००६ साली हे प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे नर्सने सर्जनला "सर, थांबा, हात धुवायचे राहिले" म्हणणं कल्पनेत आणून बघा. बघितलंत? आता सांगा, त्या नर्सला "कम्युनिकेशन स्किल्स"चं ट्रेनिंग देऊन ते तिच्या तोंडून निघेल का?

यादी म्हणजे काही जादू नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर लोक यादी छापून मोकळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीही होती. २००९ साली निकाल आले. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. मग कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने चेकलिस्ट सगळीकडे लागू केली. २०१४ साली १०१ रुग्णालयांची आकडेवारी आली, आणि म्हणण्यासारखा फरक नव्हता. चेकलिस्ट भरली जात नव्हती असं नाही, कागदोपत्री जवळपास सगळीकडे भरली जात होती. तज्ज्ञांत यावर बरेच वाद झाले. मला मात्र आमचा हजेरीपट आठवला.

ट्रेनिंग नकोच, असं मी म्हणत नाहीये. नवी मशीन आली, संगणकावर नवी प्रणाली आली, कायदा बदलला, मुलगा आयटीआयमधून कालच बाहेर पडलाय, तिथे शिकवायलाच हवं, आणि मन लावून शिकवायला हवं. जे येत नाही ते शिकवावं. जे येतंय पण करता येत नाही, तिथे वर्ग भरवू नये. आणि असेही लोक भेटतात ज्यांना सगळं येतं, सगळं हाताशी असतं आणि तरी करायचं नसतं. माझ्या अनुभवात ते फार थोडे. मात्र प्रत्येक मॅनेजरला आपल्याच विभागात तेच भरलेत असं वाटत असतं.

डेमिंग (हो, जपानला १९५० मध्ये दर्जाचं गणित शिकवून आलेले तेच) आपल्या चर्चासत्रांत एक खेळ खेळायचे. एका पेटीत चार हजार मणी, त्यातले आठशे लाल. श्रोत्यांतल्याच काहीजणांना कामगार करायचं. पन्नास खळग्यांची फळी पेटीत बुडवायची, फक्त पांढरे मणी काढायचे, लाल आला तर तो दोष. फळी कशी धरायची याचं सुरुवातीला रीतसर ट्रेनिंग. मग डेमिंग स्वतः मुकादम होऊन कमी लाल काढणाऱ्याचं कौतुक करायचे, जास्त काढणाऱ्याला झापायचे, शेवटी काहींना कामावरून काढून टाकायचे. लोक हसायचे, कारण लाल मणी पेटीतच आहेत हे समोर दिसत असायचं. आमच्याकडे पेटी बंद असते, म्हणून कुणी हसत नाही.

आता तुम्ही विचाराल, की एवढं कळतंय तर तुमचा विभाग काय करतो? त्याचं उत्तर गिल्बर्टच्या त्या मोबदल्याच्या कप्प्यात आहे. आमच्या विभागाचं काम मोजतात ते ट्रेनिंगच्या तासांवर. माणशी वर्षाला सोळा तास. मी एक दिवस टेबलापाशी उभं राहून पन्हाळं बसवून घेतलं, त्याचे तास शून्य. उलट मावशींचं चौथं ट्रेनिंग रद्द झालं, म्हणजे दोन तास कमीच झाले. यंदाच्या आढावा बैठकीत मी मागणी केलीय, की किती तास शिकवलं याच्या जोडीला एक रकाना ठेवा : किती तक्रारी ट्रेनिंग न देता बंद केल्या. साहेब म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण फॉर्ममध्ये बदल करायचा तर तो मुख्य कार्यालयातून मंजूर व्हावा लागतो.

पत्र पाठवलंय. मार्च जवळ आलाय आणि माणशी दीड तास कमी पडतोय, त्यामुळे पुढच्या आठवड्यात सगळ्यांचा आग विझवण्याचा वर्ग आहे. मावशींचाही. ते शिकलेलं बरंच असतं म्हणा. फक्त आधी मी पॅकिंगमधला तो लाल सिलिंडर खोक्यांच्या ढिगामागून पुढे काढायला सांगितलाय.